‘लढणारा माणूस कविता करत नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

महूकर साहेब,

दुसऱ्या महायुद्धातल्या ग्वाडलकनाल बेटावरच्या लढाईचा पिक्चर ‘द थिन रेड लाइन’ पुन्हा पुन्हा का बघावा, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “जवळपास तीन तासांचा पिक्चर, त्यात पहिला पाऊण तास गोळीच सुटत नाही. नुसतं गवत, पोपट आणि प्रवचन. माझे मामा महूला इन्फन्ट्रीत होते. लढणारा माणूस कविता करत नाही. दोन-दोनदा बघायला वेळ तुमच्यासारख्या रिकाम्या लोकांना. आणि पिक्चर १९९९चा नाही, १९९८चा आहे. आधी तेवढं नीट बघा.”

चूक मान्य. अमेरिकेत तो २५ डिसेंबर १९९८ला लागला. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला गोल्डन बेअर हा पुरस्कार मिळाला १९९९मध्ये, तेच साल माझ्या हातून पडलं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ‘रिकामे लोक’ कशासाठी? पिक्चर आवडला नाही, एवढं सांगायला समोरच्याच्या नोकरीधंद्यावर घसरावं लागत नाही. मी लेखात कोणालाही अडाणी म्हटलेलं नाही. मामांचा हवाला देता, तर माझे वडीलही इंदूरजवळच्या महूच्या छावणीतच नोकरीला होते आणि मी तिथेच वाढलो. फौजी माणूस काय बोलतो आणि काय मनात ठेवतो, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. मामांबद्दल आदर आहेच. पण त्यांचं नाव पुढे करून तुम्ही चर्चाच बंद करायला बघता, ते मला पटत नाही.

आता ‘लढणारा माणूस कविता करत नाही’ याबद्दल. मूळ कादंबरी लिहिणारा जेम्स जोन्स २५व्या इन्फन्ट्री डिव्हिजनमधून ग्वाडलकनालला लढला, जानेवारी १९४३मध्ये तिथेच जखमी झाला. कादंबरी आली १९६२ला. तिची भाषा रांगडी आहे, हे खरं. पण पडद्यामागून ऐकू येणारी ती पुटपुटती निवेदनं, तुम्ही ज्यांना प्रवचन म्हणता ती, बहुतेक दिग्दर्शक टेरेन्स मॅलिकची. म्हणूनच ती कोणाच्या तोंडी दिलीत, हे आधी बघायला हवं, आणि ते पहिल्या खेपेला कळत नाही.

पहिल्यांदा बघणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला सुरुवातीच्या निवेदनाचा आवाज विट या शिपायाचा वाटतो. पलटणीतून पळून बेटावरच्या गावात राहिलेला, शांत चेहऱ्याचा माणूस, तेव्हा चिंतन त्याचंच असणार. पण आवाज त्याचा नाही. तो ट्रेन नावाच्या शिपायाचा आहे. जहाजावर सार्जंट वेल्शपुढे भीतीने बडबडणारं, सावत्र बापाच्या माराबद्दल सांगणारं ते पोरगं, तोच ट्रेन. सबंध पिक्चरमध्ये तो जेमतेम दिसतो. परतीच्या जहाजावर तो पुन्हा बोलताना दिसतो आणि अगदी शेवटचा आवाजही त्याचाच. म्हणजे तुम्ही जिला कविता म्हणता, ती चार्ली कंपनीतल्या सगळ्यात घाबरलेल्या पोराच्या मनातली आहे. आणि तो ती गोळीबारात उभं राहून म्हणतही नाही, ओठ कुठे हलतात? जे कोणापुढे बोलता येत नाही तेच ऐकू येतं. फौजींच्या घरात वाढलेल्यांना हे नवीन नसावं.

पडताळून बघा. जहाजावरचा वेल्श-ट्रेनचा प्रसंग लावा आणि डोळे मिटून फक्त ऐका. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा हेल, शब्द ओढत बोलणं. मग सुरुवातीला या, जिथे मगर हिरव्या पाण्यात शिरते. तोच हेल. सबटायटल्स पहिल्या वेळी ठेवा, दुसऱ्या वेळी बंद करा, कारण नजर खालच्या ओळीत अडकली की बोलतोय कोण याकडे लक्ष जात नाही. टीव्हीचा आवाज गोळीबारावर बेतून लावलात तर पुटपुटणं बुडतं आणि मग ‘प्रवचन’च वाटतं. तो पहिल्या निवेदनावर लावा, तोफा मोठ्या वाटल्या तर वाटू द्या. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय, बंद ठेवा. वरखालच्या काळ्या पट्ट्या घालवायला झूमही करू नका, चित्र मुळातच आडवं आहे, कडेची माणसं कापली जातात.

आणि प्रवचन म्हणावं तर या पिक्चरचा स्वतःच्या कवितेवर तरी कुठे आंधळा विश्वास आहे? पहिल्या काही मिनिटांतच विट गावातल्या एका आईला म्हणतो, इथली पोरं भांडत नाहीत. ती सांगते, खेळताना भांडतात की! शिवाय ती त्याला, म्हणजे फौजीला, भिते. पहिल्या वेळी हे सगळं समुद्राच्या निळाईत वाहून जातं. जपान्यांच्या ताब्यातली टेकडी जिंकल्यावर विट त्याच गावात परत येतो, तेव्हा माणसं भांडताना दिसतात, अंगावर फोड दिसतात, कवट्या मांडून ठेवलेल्या दिसतात, आणि आपण म्हणतो गाव बिघडलं. दुसऱ्यांदा बघताना कळतं की गाव बदललेलं नाही. आई आपल्याला आधीच सांगून चुकली होती. माझ्या लेखाचा मुद्दा एवढाच होता.

पाऊण तासाचं म्हणाल, तर त्याच वेळात कर्नल टॉल जहाजावर जनरलपुढे मान तुकवताना दिसतो. ते सुटलं तर पुढे फोनवरून कॅप्टन स्टारोसवर त्याचं ओरडणं निव्वळ खलनायकी वाटतं. बाकी संथपणाबद्दल आपण वाद काय घालावा? आपण इंदूरच्या गायक अमीर खाँसाहेबांच्या मुलखातले. चौदा मात्रांचा झूमरा ताल इतका संथ की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कधी येते याची वाट बघावी, आणि त्यांचा मारवा राग एकदा ऐकला, झालं, असं इंदुरात कोणी म्हणत नाही.

आणि ते गवत. टेकडीवर दोन शिपायांना पुढे पाठवतात, दोघेही कोसळतात, सगळं गप्प होतं. मग ढग सरकतो आणि ऊन गवतावरून पसरत जातं. तेवढा प्रसंग पुन्हा लावा. १७० मिनिटं एका बैठकीत जमत नसतील तर टेकडीच्या मध्ये थांबू नका, कंपनीला विश्रांती मिळते तिथे थांबा. नंतर हवं ते लिहा, फक्त माझ्या रिकामपणावर नको.