आण्णा आज एसटीत उभे राहून आले

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. झोप येत नाहीये म्हणून लिहितोय.

आण्णांचं वय ७८. आज आत्याकडून परत येताना एसटीत खिडकीशी बसले होते. मधल्या एका थांब्यावर गर्दी चढली. त्यातला एक तिशीचा माणूस, पाठीला सॅक, आण्णांच्या हातातलं तिकीट बघून म्हणाला, "फुकटवाल्यांनी उठायला पाहिजे, आम्ही पैसे मोजलेत." आणि आण्णा उठले. पाऊण तास दांडा धरून उभे. घरी आल्यावर पाय शेकत बसले होते, हिने खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे बोलले. वर म्हणाले, "पुढच्या वेळी पैसे देऊन तिकीट काढतो."

हे वाक्य डोक्यातून जात नाही.

अरे, तिकीट होतं त्यांच्याकडे! २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत आहे. कंडक्टर ओळखपत्र बघतो आणि शून्य रुपयांचं तिकीट देतो. ते शून्याचं तिकीट द्यायचं कशाला? तर त्यावरून हिशोब लागतो आणि ते भाडं राज्य सरकार एसटीला देतं. म्हणजे त्या सीटचे पैसे भरलेले आहेत. आणि सरकारच्या तिजोरीत इतकी वर्षं कोण भरतंय? आण्णांनी काड्यापेटीपासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरलाय. त्याच बसमध्ये अर्ध्या तिकिटावर बायका बसल्या होत्या, ६५ च्या पुढचे लोक बसले होते. त्यांनाही उठवणार का?

थोडं मागचं सांगतो. आण्णांनी सगळं आयुष्य छापखान्यात काढलं. पेन्शन ईपीएसची, म्हणजे खासगी नोकरीतल्यांना पीएफ कार्यालयाकडून मिळते ती. ज्यांच्या घरात ही पेन्शन येते त्यांना वेगळं सांगायला नको, २०१४ पासून तिची किमान रक्कम १००० रुपये आहे, आण्णांना त्याहून थोडी जास्त मिळते इतकंच. माझ्याकडे मागणं त्यांना जमत नाही. मी देतो, ते कपाटात तसेच ठेवतात. त्यामुळे आत्याची भेट भाऊबीजेला व्हायची, वर्षातून एकदा. प्रवास मोफत झाला आणि आण्णा दर महिन्याला जायला लागले. आत्या ८४ ची आहे, तिला दिसत नाही नीट, पण बसच्या वेळेला ओट्यावर येऊन बसते म्हणे. दोघं काय बोलतात देव जाणे, पण परत आले की आण्णांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आज तसा नव्हता.

एसटी तोट्यात आहे, सवलतींचे पैसे सरकारकडून वेळेवर येत नाहीत, हे मान्य. मग सरकारला धरा ना. म्हाताऱ्याला का उठवता? आणि काही जण नुसते फिरायला जातात, असंही ऐकवतात लोक. जाऊ देत की! जन्मभर कामाशिवाय घराबाहेर न पडलेली माणसं आहेत ती.

मला तर वाटतं हे कमीच आहे. ही योजना शहर बसला लागू नाही. आण्णांना बँकेत, दवाखान्यात, जुन्या मित्राकडे जायचं ते शहरातच. तिथे ज्या त्या परिवहन सेवेचे वेगळे नियम, वेगळे पास. रेल्वेने तर मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद केली, करोना गेला तरी ती परत आली नाही. ६० च्या पुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ च्या पुढच्या बायकांना ५० टक्के मिळायची.

दिव्यांगांचं आणखी अवघड. आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराचा सांगाडा, लावून चालतो. ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे, एसटीत ७५ टक्के सवलत आहे. पण बसची पहिली पायरी त्याच्या गुडघ्याच्या वर येते. रिक्षाला पैसे घालवतो बिचारा. त्याला पासही हवा आणि खाली टेकणारी बसही हवी. यात जास्त मागितलं असं ज्याला वाटतं, त्याने महिनाभर त्याच्याबरोबर जाऊन यावं.

त्या सॅकवाल्यावर मघापासून चिडलोय. लिहिता लिहिता वाटलं, दमलेला असेल तोही, दिवसभर उभ्याचं काम असेल. असू दे. आण्णा मात्र दमलेले असूनही उठले, आणि उठताना त्यांना आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटलं. ते मला सहन होत नाहीये.

मघाशी त्यांच्या खोलीत गेलो. जागेच होते. म्हटलं, पुढच्या महिन्यात मी येतो बरोबर, आत्याला मलाही भेटायचंय. म्हणाले, "मग माझंही तिकीट काढशील?" म्हटलं, नाही. माझं काढीन. तुमचं शून्याचंच घ्यायचं आणि खिडकीशी बसायचं.

काही बोलले नाहीत. दिवा घालव म्हणाले.