कोणीतरी विकत घेईलच!

स्टोरेज नेटवर्किंगमधल्या छोट्या कंपनीचं भवितव्य तपासायचंय? मग आधी शेअर घेऊन टाका. अभ्यास नंतर. आधी अभ्यास केला की उगाच शंका येतात. शेअर खात्यात जमा असले की वार्षिक अहवालातलं वाक्य न् वाक्य आपल्याच बाजूने बोलू लागतं.

कंपनी करते काय, एवढं मात्र चारचौघांत सांगता आलं पाहिजे. एकीकडे सर्व्हर, दुसरीकडे डिस्कची कपाटं आणि मधे हिरवे दिवे लुकलुकवत बसलेलं जे खोकं, ते आपलं. फायबर चॅनेल स्विच, म्हणजे दोघांमधली डेटाची ये-जा सांभाळणारं यंत्र. इंग्रजीत या फायबरचं स्पेलिंग (fiber ऐवजी fibre) मुद्दाम वेगळं ठेवलंय, कारण ते काचेच्या तंतूंसारखंच तांब्याच्या तारेवरूनही चालतं. हे वाक्य टाकलंत की बैठकीतले तज्ज्ञ तुम्हीच. "पण हे इथरनेटवर, म्हणजे ऑफिसातल्या साध्या नेटवर्कवर, नाही का होणार?" असं कोणी विचारलं तर घड्याळाकडे बघून उठा.

पुढचा युक्तिवाद तयारच आहे: जगातला डेटा वाढतोय, म्हणून आपली कंपनी वाढणार. या दोन वाक्यांच्या मधे जी दरी आहे, तिच्यात डोकावू नका. मी एकदा डोकावलो होतो, झोप गेली.

नेटवर्किंगमधलं सिस्कोसारखं धूड बाजारात उतरलं तर? सिस्को २००२ मध्ये उतरलीच. तेव्हा म्हणायचं, "बघा, आपल्या बाजारपेठेवर शिक्कामोर्तब झालं!" दारात हत्ती आल्यावर दार भक्कम असल्याचा आनंद मानणारा माणूस कधी दुःखी होत नाही.

गिऱ्हाइकांचं पान मात्र जपून वाचा. खरं तर वाचूच नका, पण हौस असेल तर सांगतो. छोटी कंपनी आपलं खोकं बँकांना किंवा रुग्णालयांना थेट विकत नाही. डेल, एचपीई, आयबीएम अशा बड्या घराण्यांना विकते आणि ती स्वतःचं लेबल चिकटवून पुढे विकतात. नावं ऐकून ऊर भरून येतो. काय स्थळं मिळाली! अमेरिकेत ज्या गिऱ्हाइकाकडून दहा टक्के किंवा त्याहून जास्त महसूल येतो, त्याचा हिशेब अहवालात द्यावा लागतो. तो मागे टिपांमध्ये, बारीक टायपात असतो. तिथे कळतं की सगळा संसार दोन-तीन गिऱ्हाइकांवर उभा आहे. त्यांच्याकडे माल पास व्हायला महिनोन्‌महिने चाचण्या चालतात. पास झाला की भाव कमी करा म्हणून निरोप येतो. आणि ऑर्डर? ती तिमाहीच्या शेवटच्या पंधरवड्यात, कारण तोवर विक्री खात्यातली माणसं किती घायकुतीला येतात हे त्यांना पाठ असतं. तुम्ही याला 'भक्कम भागीदारी' म्हणा.

मग भेटतील ते मर्तिकाची बातमी आणणारे. २००४ मध्ये आयस्कझीचं, म्हणजे साध्या नेटवर्कवरून डिस्कपर्यंत पोचण्याचं, मानक आलं तेव्हा म्हणाले, फायबर चॅनेल संपलं. २००९ मध्ये फायबर चॅनेलच इथरनेटवरून वाहून नेण्याचं मानक आलं, तेव्हाही संपलं. त्यांना खुशाल हसा, कारण ते खरंच चुकले. एके काळी सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेणारं फायबर चॅनेल दुप्पट-दुप्पट होत ६४ गिगाबिटपर्यंत पोचलं. तंत्र ठणठणीत आहे. गेल्या त्या कंपन्या. फायबर चॅनेलची खोकी बनवणाऱ्या गॅडझूक्सचा शेअर १९९९ मध्ये २१ डॉलरला बाजारात आला, पहिल्याच दिवशी तिपटीच्या वर बंद झाला आणि २००२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोचली. त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी घेणाऱ्यांचंही मत हेच होतं: डेटा वाढतोय.

पण तुम्ही कशाला घाबरता? तुमच्याकडे हुकमी एक्का आहे: कोणीतरी मोठं विकत घेईल. इतिहास तुमच्याच बाजूने आहे. स्विच बनवणाऱ्या अँकोरला २००० मध्ये क्यूलॉजिकने गिळलं, क्यूलॉजिकला २०१६ मध्ये केव्हियमने आणि केव्हियमला २०१८ मध्ये मार्वेलने. गिळणारा कधी येईल आणि किती देईल, एवढाच किरकोळ तपशील राहतो.

तो तपशील एम्युलेक्सच्या भागधारकांना विचारा. सर्व्हरमध्ये बसणारी फायबर चॅनेलची कार्डं बनवणारी ही कंपनी. २००९ मध्ये चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमने शेअरला ९.२५ डॉलर देऊ केले. संचालक मंडळ म्हणालं, यात आमचं खरं मोल होत नाही. ब्रॉडकॉम ११ डॉलरवर गेली. उत्तर तेच, म्हणून पाहुणे उठून गेले. २०१५ मध्ये अवागो या दुसऱ्या चिपवाल्या कंपनीने एम्युलेक्स घेतली, शेअरला ८ डॉलर देऊन. पुढच्या वर्षी अवागोने ब्रॉडकॉमलाच घेतलं आणि नावही तेच लावलं. म्हणजे सहा-सात वर्षं वाट पाहून मुलगी शेवटी त्याच आडनावाच्या घरात पडली, फक्त तीन डॉलर स्वस्तात. तेव्हा तुमच्या कंपनीला मागणी आली आणि मंडळाने 'भाव अपुरा आहे' असं पत्र लिहिलं, तर ते पत्र फ्रेम करून लावा. बाणेदार मराठी मनाला ते फार भावेल.

भाव पडलाच तर आणखी घ्या, सरासरी खाली येते. आणखी पडला तर आणखी. दर तिमाहीच्या निकालानंतरच्या कॉलवर विश्लेषक आधी "छान तिमाही झाली, अभिनंदन" म्हणतात आणि मग विचारतात, पुढच्या तिमाहीचा अंदाज का घटवला? अभिनंदन झालं की फोन ठेवा.

अशा एका कंपनीचे शेअर माझ्याकडेही आहेत. नाव विचारू नका. विचारलंत तर मी घड्याळ बघून उठेन. निकाल अजून यायचाय, म्हणजे मन प्रसन्न आहे. तिमाही संपायला बारा दिवस उरलेत आणि ऑर्डरी तर याच दिवसांत येतात.