वणीहून येणारा पव्वा

वरोरा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाने अलीकडे काही पुस्तकं कपाटात टाकून कुलूप लावलं. महानगरांतल्या ड्रग्जवरच्या गुन्हेगारी कादंबऱ्या सगळ्या, बहुतेक अनुवादित. सुया, टोळ्या, विकले गेलेले पोलीस आणि पानोपानी शिव्या. समितीवर माझा भाचा आहे, शाळेत मास्तर. फोनवर म्हणाला, "मामा, तुमी तिकडं बसून बोलता. इकडचे पोट्टे हे वाचून बिघडून राह्यले."

मी तिकडं म्हणजे कॅनडात, व्हँकुव्हरला असतो. इथल्या हेस्टिंग्ज स्ट्रीटवर भरदुपारी माणसं कमरेत वाकून, गुडघे अर्धवट मोडून उभी दिसतात; पडतही नाहीत, सरळही होत नाहीत. फेंटॅनिल, अफूच्या जातीचं पण कितीतरी जहाल कृत्रिम ड्रग. प्रांत सरकारने २०१६ च्या एप्रिलमध्ये आरोग्य आणीबाणी जाहीर केली, तरी २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून जास्त माणसं गेली. औषधाच्या दुकानात नालोक्सोनचं, म्हणजे अशा ड्रगचा अतिडोस उतरवणाऱ्या औषधाचं काळं, चेन लावलेलं पाकीट फुकट मिळतं: कुप्या, सुया, हातमोजे. ते जवळ बाळगणारे माझ्या ऑफिसातही आहेत. या रस्त्यावर पोचलेल्या पुष्कळांची सुरुवात डॉक्टरने लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी झाली. कादंबरीने झाली असं सांगणारा मला अजून भेटायचाय.

भाच्याचं एक म्हणणं मात्र मी मान्य करतो. यातल्या बऱ्याच कथांत माल विकणाऱ्याला झकास संवाद आणि गाडी मिळते, नि त्याच्या गिऱ्हाइकाला नुसतं मरण. ते लेखन आळशी आहे. पण त्यासाठी कुलूप लावायचं तर अर्धं वाचनालय बंद करावं लागेल.

गंमत अशी की, गुन्हेगारी कादंबरीचा जो प्रकार भाच्याला परका वाटतो त्याच्या मुळाशी आपल्या ओळखीचीच गोष्ट आहे, दारूबंदी. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्याच काळात तिथल्या स्वस्त मासिकांतून निबर, कोरड्या तोंडाचा गुप्तहेर पुढे आला. हवेलीत बसून कोडं सोडवणाऱ्या साहेबाचा त्या वाचकाला उपयोग नव्हता. दारू कोण आणतो आणि हप्ता कुणाला पोचतो हे त्याला गल्लीतच दिसत होतं.

आणि आपल्याकडे? वर्धा जिल्हा १९७४ पासून कोरडा, गडचिरोली १९९३ पासून. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यासाठी बायका चिमूरहून नागपूरला अधिवेशनावर चालत गेल्या, तेव्हा कुठे २०१५ च्या १ एप्रिलला बंदी लागली. २०२१ मध्ये ती उठली. मधल्या सहा वर्षांत वर्धा नदीच्या पलीकडे वणीत, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात, दुकानं उघडी आणि अलीकडे आम्ही कोरडे. मी सुट्टीत आलो की पाहायचो: कॉलेज सोडलेली पोरं रात्री मोटारसायकलने पुलापलीकडे जायची आणि पाठीवरच्या दप्तरात पव्वे घेऊन यायची. बाटल्या वाजू नयेत म्हणून प्रत्येकीला जुन्या मोज्यात घालत. दुप्पट-तिप्पट भाव. पोराच्या हातात नवा मोबाईल दिसला की आई काही विचारायची नाही, कारण सोयाबीनचे पैसे कुठे जातात ते तिला माहीत असायचं. मोहाची हातभट्टी होतीच, पण ती म्हाताऱ्यांसाठी.

एवढा ऐवज पडलेला असताना त्यावरची एक दणदणीत गुन्हेगारी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. आम्ही दारूवर लिहितो तेव्हा दारुड्या बाप आणि सोसणारी माय लिहितो. पैसा कुठून कुठे गेला ते लिहीत नाही. खर्र्याचं तर नावच नको! शाळेसमोरच्या ठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून घोटून देतात, सातवीतला पोरगा गालात भरून वर्गात बसतो, आणि आपण त्याला 'सवय' म्हणून सोडून देतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, हे त्या ठेलेवाल्यालाही पाठ आहे.

मला वाटतं खरी अडचण धाडसाची नाही, गावाच्या आकाराची आहे. शहरी कादंबरीत 'कोण' हा प्रश्न तीनशे पानं पुरतो, कारण तिथे शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. आमच्या गावात कोण विकतो हे पोलीस पाटलापासून बालवाडीपर्यंत सगळ्यांना माहीत. लेखकाने नाव बदललं तरी पात्राची मोटारसायकल, त्याची गल्ली, त्याच्या सोयऱ्याचं पद ओळखू येणार, आणि दुसऱ्या दिवशी लेखकाच्या बापाला पाण्याच्या पाळीवरून भांडण. मी व्हँकुव्हरातून लिहिलं तर मला काही होणार नाही, पण भाच्याच्या शाळेत होईल. म्हणून आमच्या कादंबरीत शोध 'कोणी केलं' याचा नसेल. सगळ्यांना ठाऊक असून पंचनाम्यावर सही करायला दोन पंच का मिळाले नाहीत, याचा असेल. तपास अधिकारीही बाहेरचा हवा, बहुधा मराठवाड्याकडचा. त्याला खर्रा खायला लावतील पहिल्याच दिवशी.

भाच्याला मी एवढंच सुचवलंय की कुलूप काढ, आणि चिमूरहून चालत गेलेल्या बायकांपैकी दोघी-तिघी अजून तालुक्यात असतील तर त्यांना वाचनालयात बोलाव. पोट्ट्यांनी त्यांना प्रश्न विचारावेत आणि वहीत लिहून घ्यावं. तो म्हणाला, समितीत एक जण नक्की अडवेल. कोण, ते मी विचारलं नाही. गाव माझंही आहे.