मामांचा क्लेम मेलेला नाही

गेल्या रविवारी कडोलीला मामांकडे गेलो होतो. त्यांच्या डिसॅबिलिटी, म्हणजे अपंगत्वाच्या, पेन्शनच्या क्लेमसाठी वकिलांना द्यायचे कागद गोळा करायचं ठरलं होतं. बघतो तर कागदांची ट्रंक परत पलंगाखाली ढकललेली आणि मामा निवांत पेपर वाचत बसलेले. "सोड की रं आता. मुदत संपली म्हणे. मेसेज आलाय बघ," म्हणून मोबाईल माझ्या हातात दिला.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर फिरतोय. वर तिरंगा, खाली जोडलेले हात आणि मध्ये डिसॅबिलिटी पेन्शनचं 'सत्य'. पाच वर्षं उलटली की क्लेम मेला. बीपी, शुगर, फिट हे घरचे आजार, त्यांचा नोकरीशी संबंध नाही. सीमाभागातल्या मराठी जवानांच्या फायली कर्नाटक सरकार अडवतं. उशीर होतो तो माजी सैनिक कागद देत नाहीत म्हणून. आणि नव्या नियमांनी आता हे सगळं बंदच झालंय. एवढं सांगून शेवटी एक मोबाईल नंबर, 'तरीही काम करून हवं असल्यास'. वरती क्लेम मेला म्हणायचं आणि खाली तोच उठवून बसवायचे पैसे मागायचे. चोवीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला एवढी गोम कळू नये, याचा मला मेसेजपेक्षा जास्त राग आला.

मामा 2006 साली हवालदार म्हणून घरी आले. येताना मेडिकल बोर्डाने लिहिलं: प्रायमरी हायपरटेन्शन, म्हणजे बीपी, अपंगत्व 30 टक्के, कायम. पुढे इंग्रजीत एक ओळ, जिचा अर्थ आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. फौजेतल्या कागदांवर त्याचं इंग्रजी लघुरूप NANA, म्हणजे 'नाना'. "आमच्या पेन्शनीत नाना आडवा आला," हा मामांचा ठरलेला विनोद. अपील केलं, त्याचं उत्तर अकरा महिन्यांनी आलं, दोन ओळींचं, नामंजूर. मग मुलीचं लग्न, घराचं काम, आणि ट्रंक पलंगाखाली.

आता ती पाच वर्षांची गोष्ट. पाच हा आकडा कुठून काढला ते देव जाणे. फौजेच्या केसेस जिथे चालतात त्या ट्रिब्युनलच्या कायद्यात मुदत आहे, हे खरं. अंतिम निर्णय झाल्यापासून सहा महिन्यांत जायचं असतं आणि उशीर झाला तर तो माफ करून घ्यावा लागतो. पण पेन्शन ही दर महिन्याला देय होणारी गोष्ट. हक्काची असून दिली नाही, तर तो अन्याय एकदाच होऊन संपत नाही, दर पहिल्या तारखेला नव्याने होतो. हे माझं वकिली डोकं नव्हे. सुप्रीम कोर्टाने 2008 साली तरसेम सिंग यांच्या प्रकरणात हेच सांगितलंय. हा जवान 1983 मध्ये मेडिकलवर घरी आला आणि हायकोर्टात गेला 1999 मध्ये. मधे सोळा वर्षं! तरी 'उशिरा आलास, चल नीघ' असं त्याला कुणी म्हटलं नाही. पेन्शन मिळाली. फक्त थकबाकी, म्हणजे एरियर्स, कोर्टात आल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच धरली.

हे तीन वर्षांचं कलम नीट समजून घ्या, कारण मेसेजचं खरं विष इथे आहे. क्लेम मरत नाही, पण एरियर्स मरत जातात. मामांनी आज केस घातली तर हिशोब तीन वर्षं मागून सुरू होईल. पुढच्या वर्षी घातली तर तो काटा एक वर्ष पुढे सरकेल आणि मागचं एक वर्ष कायमचं गेलं. 2006 पासूनची कितीतरी वर्षं अशीच पाण्यात गेली आहेत. आणि रक्कम काही चणे-फुटाणे नाही. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, असा हिशोब आहे. त्या हिशोबाने मामांच्या 30 टक्क्यांना पगाराच्या 9 टक्के होतात. पण पन्नासच्या खालचं अपंगत्व पन्नास धरायचं, हा फायदा पुरी नोकरी करून आलेल्यांनाही द्या, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2014 मध्ये राम अवतार प्रकरणात सांगितलं. म्हणजे 9 चे झाले 15 टक्के, वर महागाई भत्ता. हे आयुष्यभर, दर महिन्याला. आणि आमचे मामा एका फॉरवर्डवर विश्वास ठेवून ट्रंक बंद करतात!

घरच्या आजारांबद्दल. गोळी लागली तरच पेन्शन, हा समज गावात आधीपासूनच आहे, मेसेजने त्याला फक्त तिरंगा लावला. 2 जुलै 2013 चा सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग निकाल वकिलाकडून मागून वाचा. 1985 ला भरती झालेल्या या जवानाला फिट येऊ लागल्या, 1994 मध्ये 20 टक्के अपंगत्व लिहून घरी पाठवलं, आणि कारण तेच, आजार जन्मजात धाटणीचा. कोर्टाने विचारलं की भरतीच्या वेळी या आजाराची नोंद होती का? नव्हती. मग तो घेताना धडधाकट होता असंच धरायचं. आजाराचा नोकरीशी संबंध नाही, हे सिद्ध करायचं ओझं सरकारवर, जवानावर नाही. आणि मेडिकल बोर्डाने नुसता शिक्का मारून भागत नाही, कारणं लिहावी लागतात. बेळगावच्या भरतीला जो एकदा तरी गेलाय त्याला हे सुप्रीम कोर्टाने सांगायचीही गरज नाही. छातीचा एक सेंटिमीटर कमी भरला म्हणून पोरं रडत घरी येतात. एवढं चाळून घेतलेल्या माणसाला चोवीस वर्षांनी बीपी निघालं, तर ते म्हणे कडोलीच्या ठेच्यामुळे.

एवढं मात्र मान्य करतो की बीपी आहे म्हणून प्रत्येक केस जिंकलीच, असं नाही. बोर्डाने सविस्तर कारणं लिहिली असतील तर कोर्ट ती बघतं. पुरी नोकरी करून आलेल्याचं अपंगत्व वीस टक्क्यांच्या खाली असेल तर पेन्शन बसत नाही, हेही खरं. मामांचं तीस आहे.

कर्नाटक सरकारचा मुद्दा वाचून तर कपाळाला हात लावला. अहो, फौजेची पेन्शन केंद्राची! कागद निघतात त्या-त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसातून, मंजुरी मिळते प्रयागराजला आणि पैसे येतात 'स्पर्श' या केंद्राच्या ऑनलाइन पेन्शन पोर्टलवरून. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर तर आपल्या बेळगावातच आहे. यात बंगळुरूचा हात कुठे लागतो? सीमाप्रश्नावर चिडायला आपल्याकडे खऱ्या गोष्टी कमी आहेत का, की ही एक उसनी आणावी? राज्याचं जिल्ह्यातलं सैनिक कल्याण कार्यालय अर्ज लिहायला मदत करतं, पुढे पाठवतं. डिसॅबिलिटी ठरवणं त्याच्या हातात नाही.

तरी अर्धा आणा खरं यातही आहे. आपल्याकडे शाळेचा दाखला मराठीत, आधार कानडी आणि इंग्रजीत, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये क्लार्कने ऐकून लिहिलेलं तिसरंच स्पेलिंग. जिल्ह्याचं नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं, पण जुन्या कागदांवर बेळगावच. मामांच्या आडनावात एका ठिकाणी एक अक्षर जास्त आहे, आणि तेवढ्यावर त्यांचं 'स्पर्श'चं खातं चार महिने अडकलं होतं. याला कुणाचा डाव म्हणायचं तर म्हणा. मी तरी आधी नाव दुरुस्त करून घ्या म्हणेन.

माजी सैनिक कागद देत नाहीत म्हणे. कुठले कागद द्यायचे? मेडिकल बोर्डाचा फॉर्म, एएफएमएसएफ-16, फौजेकडेच असतो. पोस्टिंगच्या नोंदी त्यांच्याकडे, अॅडमिट झाल्याच्या नोंदी त्यांच्याकडे. जवानाच्या हातात डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. स्वतःचाच बोर्डाचा कागद मागायला आम्हाला माहिती अधिकारात अर्ज टाकावा लागला. शिवाय जिंकलेल्या केसांवरही सरकार अपिलं करत बसायचं. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी 2015 मध्ये नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीनेच डिसॅबिलिटीच्या केसांमधली असली अपिलं थांबवा म्हणून सुचवलं होतं. ते माजी सैनिकांचं रडगाणं होतं का?

नवे नियम आहेत, कडकही आहेत. पण ते लागू 21 सप्टेंबर 2023 पासून. त्याआधी घरी आलेल्यांशी त्यांचा संबंध नाही. हा मुद्दा संपला.

राहिला तो मोबाईल नंबर. मामांसमोर स्पीकरवर लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. पीपीओ नंबर मागितला, 'स्पर्श'चा ओटीपी येईल तो सांगा म्हणाला, एरियर्समधले तीस टक्के त्याचे. मी विचारलं, "पण तुमच्याच मेसेजात क्लेम मेलाय असं लिहिलंय की?" फोन कट.

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग मामीला म्हणाले, "ती ट्रंक काढ गं." बोर्डाच्या कागदाचा एक कोपरा वाळवीने खाल्लाय, पण तीसचा आकडा आणि 'नाना' दोन्ही स्पष्ट दिसतात. बुधवारी वकिलांकडे जायचंय. त्या ग्रुपवर मामांनी स्वतःच लिहिलं: 'वरचा मेसेज चूक हाय. नंबर लावू नका.' खाली लगेच सहा जणांनी लाइकचा अंगठा टाकला, आणि सातव्याने तोच मेसेज परत टाकला.