डायरी बॉलपेनने लिहिलेली नाही, आणि ती वाचून पोरं भित्रीही होत नाहीत

गेल्या रविवारी भाचीचा फोन आला. "मावशी, ते पुस्तक खोटं आहे म्हणे. आईने परत द्यायला सांगितलंय." नववीतली पोर. अ‍ॅन फ्रँकची डायरी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून घरच्यांबरोबर लपून राहिलेल्या ज्यू मुलीची रोजनिशी, मीच माझ्या कार्डावर साताऱ्याच्या वाचनालयातून तिला काढून दिली होती. कोरेगावला परत जाताना एसटीतच तिने वाचायला घेतली आणि खूण म्हणून तिकीट पानात घातलं. पुस्तक माझ्याकडे आलं तेव्हा तिकीट तिथंच होतं, निम्म्याच्या जरा अलीकडे.

कारण काय, तर ताईच्या मोबाइलवर आलेला एक मेसेज. "पालकांनो, वेळीच सावध व्हा" अशी सुरुवात. मलाही तो आतापर्यंत तीन ग्रुपांवर आलाय. त्यात पाच मुद्दे आहेत. अ‍ॅन फ्रँकची डायरी बनावट आहे, कारण ती बॉलपेनने लिहिली आहे आणि बॉलपेन युद्धानंतर निघाला. युद्धाच्या कादंबऱ्या आघाडी न पाहिलेल्या लोकांनी लिहिल्या आहेत. ती परक्यांची दुःखं, आपला काय संबंध. असलं रडकं वाचून पोरं भित्री होतात, आपली परंपरा वीरगाथांची. आणि शेवटी, कोवळ्या मनांना हे सोसत नाही, इतिहास हवा असेल तर सरळ इतिहासाचं पुस्तक द्या.

आधी बॉलपेनचं बघू, कारण ताईच्या डोक्यात तेच बसलंय.

बॉलपेन युरोपात सर्रास मिळायला लागला तो युद्ध संपल्यावर, हे खरं. अ‍ॅन १९४५ च्या सुरुवातीला बर्गन-बेल्सनच्या छावणीत वारली, वय पंधरा, हेही खरं. आता पुढचं नीट वाचा. तिचे वडील ओटो फ्रँक १९८० साली वारले आणि मुलीचे सगळे कागद त्यांच्या इच्छेप्रमाणे नेदरलँड्सच्या सरकारी युद्ध-दस्तऐवज संस्थेकडे गेले. डायरी खोटी असल्याची ओरड तेव्हाही चालू होतीच. म्हणून संस्थेने ते कागद सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासायला दिले. कागद, शाई, डिंक, हस्ताक्षर, काही सोडलं नाही. अहवाल अडीचशे पानांच्या वर गेला आणि त्याचा सारांश १९८६ साली डायरीच्या चिकित्सक आवृत्तीत छापला. निष्कर्ष असा की अक्षर अ‍ॅनचंच आणि साहित्य त्याच काळातलं.

मग बॉलपेन आला कुठून? तिच्या सुट्या पानांमध्ये सरकवलेल्या दोन चिठ्ठ्या सापडल्या, त्या बॉलपेनने लिहिलेल्या. त्यावरचं अक्षर अ‍ॅनचं नाही. १९६० च्या सुमारास एका जर्मन कोर्टातल्या खटल्यासाठी हस्ताक्षराची तपासणी झाली होती, त्या कामातल्या एका बाईंचं ते अक्षर. दोन चिठ्ठ्या. छापील डायरीत त्यातला एक शब्द नाही. जर्मनीच्या केंद्रीय गुन्हे पोलिसांच्या १९८० सालच्या चार पानी अहवालात बॉलपेनचा मोघम उल्लेख आला आणि नाझींचा कैवार घेणाऱ्यांनी तेवढाच उचलला. त्या अहवालावरून डायरीच्या खरेपणावर शंका घेता येणार नाही, असं त्याच खात्याने २००६ साली जाहीर केलं. तो खुलासा कुणी पुढे पाठवत नाही. ज्यांनी त्या पोरीला छावणीत मरायला पाठवलं, त्यांची बाजू सावरायला रचलेली ही कंडी आहे, आणि ती आज कोरेगावच्या स्वयंपाकघरात येऊन पोचली आहे. मला राग येतो तो याचा.

आणि ज्याने हा मेसेज लिहिला त्याने डायरी उघडूनसुद्धा बघितलेली नाही. ११ नोव्हेंबर १९४३ ची नोंद काढा. ती अख्खी नोंद एका फाउंटन पेनवर आहे! नऊ वर्षांची असताना आजीने आखेनहून कापसात गुंडाळून पाठवलेलं पेन. लपून राहत होते तिथे टेबलावर घेवड्याच्या बिया निवडताना ते कचऱ्यात गेलं आणि खराब बियांबरोबर शेगडीत पडलं. दुसऱ्या दिवशी वडिलांना राखेत त्याची क्लिप तेवढी सापडली, सोन्याच्या निबाचा मागमूस नाही. माझं पेन निदान दहन झालं, मलाही पुढे तसंच हवंय, असं ती त्यात लिहिते. चौदा वर्षांची पोर. तिच्या वाट्याला काय आलं ते आपल्याला माहीत आहे, म्हणून ते वाक्य वाचताना मी दर वेळी थांबते.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. आपण वाचतो ती डायरी जशीच्या तशी नाही. मार्च १९४४ मध्ये लंडनहून रेडिओवर डच मंत्र्याने लोकांना डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवायला सांगितलं, ते ऐकून अ‍ॅनने स्वतःच आधीचं लिखाण पुन्हा लिहायला घेतलं. वडिलांनी पुढे दोन्ही खर्डे एकत्र केले आणि आईबद्दलचे, शरीराबद्दलचे काही उतारे गाळले. मेसेज लिहिणाऱ्याने एवढंच म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते. पण संपादित म्हणजे बनावट नव्हे. १९८६ च्या त्या आवृत्तीत तिन्ही पाठ एकाच पानावर दिले आहेत, ज्याला ताडून पाहायचंय त्याने पाहावं.

दुसरा मुद्दा, लेखकांनी आघाडी पाहिली नव्हती. मेसेजमध्ये नाव घेतलंय रेमार्कचं, 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या पहिल्या महायुद्धावरच्या जर्मन कादंबरीवाल्याचं. तो १९१६ साली सक्तीने भरती झाला आणि १९१७ च्या जुलैत तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी झाला. आघाडीवर फार दिवस नव्हता, हे खरं. पण तो लढलाच नव्हता ही अफवाही नाझींचीच. त्यांनी १९३३ साली त्याचं पुस्तक जाळलं आणि १९४३ साली त्याच्या बहिणीचं डोकं उडवलं.

तिसऱ्यावर मात्र बोलायलाच हवं. परक्यांची दुःखं? साताऱ्यापासून जवळच अपशिंगे आहे, मिलिटरी अपशिंगे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान मारले गेले. गावात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, तो इंग्रजांनी उभारलेला. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कुत-अल-अमाराला डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत त्या तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. धान्य संपलं, घोडे कापले, आणि आपल्या पुष्कळ जवानांनी धर्मापायी ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही. हिरड्या सुजून, दात हलून माणसं खचली. शरण गेलेल्या सुमारे तेरा हजारांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यातले हजारो वाटेत आणि कैदेत मेले. त्यांचा इंग्रज सेनापती टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला. हे आपलं नाही तर कुणाचं?

त्याच युद्धात फ्रान्समधून हिंदी शिपाई घरी पत्रं पाठवत, ती सेन्सॉर उघडून वाचायचा. म्हणून ते लिहीत की काळी मिरी संपत आली, लाल मिरची जपून वापरतात. काळी मिरी म्हणजे आपली माणसं, लाल मिरची म्हणजे गोरे. पानिपताची बातमी आपल्याकडे मोती गळाले, मोहरा हरपल्या, खुर्द्याची गणती नाही, अशाच बोलीत आली होती. दीडशे वर्षांनी पुन्हा तेच, फक्त मोत्यांच्या जागी मिरी. ही पत्रं वाचल्याशिवाय त्या ४६ जणांबद्दल आपल्या हाती आकडा सोडून काय आहे?

वीरगाथांच्या परंपरेचं म्हणाल, तर महाभारतात लढाई संपल्यावर स्त्रीपर्व येतं. गांधारी रणभूमीवर एकेकाचं प्रेत बघत रडते, जिंकणाऱ्यांच्या मुलांसाठीही रडते. व्यासांनी ते वगळलं नाही.

आणि भित्रेपणा. ताई, आता हे तुझ्यासाठी. आण्णा मराठा पलटणीत होते, ७१ साली पूर्व पाकिस्तानात होते. त्यांना भित्रं म्हणायची कुणाची छाती नव्हती. पावसाळ्यात आई उंबऱ्यात गोणपाट टाकायची, आठवतंय? ते भिजलं आणि त्याचा वास सुटला की आण्णा काही न बोलता उचलून मागच्या परसात फेकायचे. आपल्याला वाटायचं, स्वच्छतेचं वेड. आई दर वर्षी त्यावरून कटकट करायची. तिकडे कुठे काय पाहिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, विचारलं की तंबाखू मळत बसायचे. ते गेल्यावर मी रेमार्क वाचला. त्यात रजेवर घरी आलेल्या पोराला बाप आघाडीवरच्या गोष्टी सांग म्हणून धरून बसतो आणि पोराला सांगवत नाही, कारण शब्दांत आणलं तर ते आवरणार नाही अशी त्याला भीती वाटते. त्या पानावर मला गोणपाट आठवलं. तागाचा मुलूख तो, ओल्या तागाच्या वासात त्यांना काय दिसत होतं कुणास ठाऊक. चाळीस वर्षं एका घरात राहून जे कळलं नाही, त्याची चाहूल एका जर्मन माणसाच्या पुस्तकात लागली. एवढ्या उशिरा कळलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

राहिला कोवळ्या मनांचा मुद्दा. दुसरीतल्या पोराला छावण्यांचे फोटो दाखवू नयेत, कबूल. नववीतली मुलगी त्या लेखिकेच्याच वयाची आहे. तिला रात्री झोप लागली नाही तर मला फोन करू दे, मी जागी असते. आणि इतिहासाचं पुस्तकही द्याच, दोन्ही द्या. सनावळ्या त्यात आहेतच.

डायरी मी माझ्या कार्डावर पुन्हा काढली आहे. तिकीट होतं त्या पानावरच ठेवलंय. शनिवारी दुपारच्या एसटीने येते, ताई. आण्णांची काळी ट्रंक माळ्यावरून काढून ठेव, तिलाही बघू दे.