चुलत घराण्यातली गाडी

गाडीवाल्यांच्या क्लबात शिरायला गाडी लागते, एवढं मला ठाऊक होतं. गाडीचं कूळही लागतं, हे फाटकापाशी पोचल्यावर कळलं.

माझ्याकडे पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आहे. वय झालंय, पण चालते. बॉनेट उघडलं की तिची सगळी सोयरीक बाहेर येते. एअर फिल्टरच्या डब्यावर, पाइपांवर, दाराच्या आतल्या प्लास्टिकवर, जिथे बघाल तिथे शिक्के आहेत: वर्तुळातली व्ही आणि डब्ल्यू ही अक्षरं आणि शेजारी ऑडीची चार कडी. कितीतरी भागांचे पार्ट नंबर ‘१जे०’ने सुरू होतात. या घराण्यात नंबराच्या सुरुवातीवरून तो भाग मुळात कोणत्या गाडीसाठी काढला ते कळतं, आणि ‘१जे०’ म्हणजे फोक्सवॅगनची चौथ्या पिढीची गोल्फ. थोडक्यात सांगायचं तर माझ्या गाडीत खास स्कोडाचं म्हणजे वरची कांती, ऐसपैस डिकी आणि पंखवाल्या बाणाचा बिल्ला. बाकी बरंचसं भावकीत सामाईक.

तेव्हा थोरल्या पातीच्या, म्हणजे फोक्सवॅगनवाल्यांच्या, क्लबात आपलंही स्वागत होईल असं मी धरून चाललो. रविवारी सकाळी गाडी धुतली, टायरांना काळं पॉलिश लावलं आणि मीटला गेलो.

फाटकावर चमचमतं जॅकेट घातलेला एक पोरगा यादी घेऊन उभा होता. त्याने हात आडवा केला.

“काका, आत फक्त मेंबर्सचं पार्किंग आहे.”

“मी मीटलाच आलोय.”

त्याने माझ्या बिल्ल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा बिल्ल्याकडे पाहिलं, मधल्या वेळात तो बदलला असेल तर बघावं, अशा आशेने.

“पण ही तर...”

“इंजिन तुमचंच आहे,” मी म्हणालो. “गिअरबॉक्सही. बॉनेट उघडून दाखवू?”

त्याने ‘एक मिनिट हं काका’ म्हणून सेक्रेटरींना बोलावलं. सेक्रेटरी आले. गृहस्थ सभ्य होते. नकार देताना समोरच्याचा हात हातात घेतात, त्या जातीचे सभ्य.

“काय आहे ना साहेब, तुमचा ब्रँड आमच्या ग्रुपमध्ये नंतर आला. दत्तक म्हणा ना.”

आता हे माझ्या वर्मी लागलं. मी आदल्या रात्री अभ्यास करून गेलो होतो. म्हणालो, “साहेब, लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनी म्लादा बोलेस्लाव गावात १८९५ साली सायकलींचं दुकान मांडलं, तिथून आमचं घराणं सुरू होतं. १९०५ साली आमची मोटार निघाली. तुमची कंपनी १९३७ सालची. १९९१ साली आपण एकत्र आलो हे खरं, पैसा तुमचा होता हेही खरं, पण वयाने थोरले आम्ही.”

“बरोबर आहे. पण गाडी आमच्याच गोल्फवरून काढलीय ना?”

“ऑक्टाव्हिया १९९६ साली आली. ज्या गोल्फवरून ती काढली म्हणता, ती १९९७ साली. थोरल्याचे उतरलेले कपडे धाकट्याने आधीच घातलेले पाहिलेत कधी?”

सेक्रेटरी थोडा वेळ गप्प राहिले. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात ते अत्यंत मऊ आवाजात म्हणाले, “सगळं मान्य आहे साहेब. पण नियमावलीत बिल्ला लिहिलाय.”

शेवटी तोडगा निघाला. गाडी आत घ्यायची, पण ‘पाहुणे’ म्हणून, आणि लावायची टोकाला, जनरेटरच्या गाडीशेजारी. तिथे आधीच एक सेआट इबिझा, याच घराण्याच्या स्पॅनिश पातीतली, उभी होती. तिच्या मालकाने माझ्याकडे बघून मान हलवली. त्या मान हलवण्यात एवढा मुरलेला अनुभव होता, की मी त्याला काही विचारलं नाही.

हे इथवर चालण्यासारखं होतं. नियम म्हटला की नियम. पण अर्ध्या तासाने फाटकातून एक ऑडी टीटी आली. मूळ टीटी, १९९८ साली निघालेली, आणि प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा? माझ्या ऑक्टाव्हियाचाच. बिल्ला? तोही नियमावलीत नसलेला. जॅकेटवाल्या पोराने यादी काखेत मारली आणि दोन्ही हातांनी वाट दाखवली. सेक्रेटरी धावत गेले. टीटी स्टेजसमोर पहिल्या रांगेत लागली. लोक तिच्याभोवती गोळा झाले आणि एकमेकांना सांगू लागले, “आपल्याच घरातली आहे, बरं का! आपलाच प्लॅटफॉर्म!”

जनरेटर सुरू झाला, म्हणून पुढचं मला ऐकू आलं नाही. पण मामला माझ्या लक्षात आला. गरीब चुलत्याला नातं पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. श्रीमंत चुलता न विचारता आपला असतो.

हा काही याच क्लबाचा दोष नव्हे. गाड्यांच्या दुनियेत सगळीकडे हेच चालतं. पोर्शेचंच घ्या. त्यांची पहिली ३५६ ही गाडी फोक्सवॅगनच्या बीटलच्या सुट्या भागांवर उभी राहिली. म्हणजे बीटलवाला दारात आला तर पोर्शेवाल्यांनी उठून खुर्ची द्यायला हवी. प्रत्यक्षात काय झालं? १९६९ साली ९१४ निघाली. फोक्सवॅगन आणि पोर्शे या दोघांनी मिळून केलेली, युरोपात दोघांच्या नावाने विकलेली. कट्टर पोर्शेवाले वर्षानुवर्षं तिला ‘ही आमची नव्हेच’ म्हणत राहिले. मग १९७६ साली ९२४ आली. ती ऑडीच्या नेकार्झुल्मच्या कारखान्यात बनायची, आणि तिच्या इंजिनाचं भावंड फोक्सवॅगनच्या एलटी या माल वाहणाऱ्या व्हॅनमध्येही असे. झालं! बिचाऱ्या ९२४ वाल्यांना आयुष्यभर व्हॅनवरून टोमणे. आता त्या जुन्या झाल्या, चांगल्या स्थितीतल्या सापडेनाशा झाल्या, तर त्याच गाड्यांना मानाने बोलावतात. क्लबात प्रतिष्ठा मिळवायची तर एक रस्ता म्हणजे दुर्मिळ होणं. माझ्या ऑक्टाव्हियाला अजून वेळ आहे; कंपनीने फारच बनवल्या.

डिनोची गोष्ट याहून मजेची. फेरारीने आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने सहा सिलिंडरची छोटी गाडी काढली आणि तिच्यावर घोड्याचा बिल्लाच लावला नाही, नुसतं ‘डिनो’ लिहिलं. खुद्द बापाने आडनाव दिलं नाही म्हटल्यावर लोकांनीही तिला खरी फेरारी मानायला वेळ लावला. काही मालकांनी तर पदरमोड करून स्वतःच घोडे चिकटवले. आज तीच डिनो फेरारीवाल्यांच्या मेळाव्यात आली की भोवती कडं पडतं. आणि बिल्ला नाही हीच आता तिची शान!

पण मला खरी भुरळ घातलीय ती ॲस्टन मार्टिन सिग्नेटने. टोयोटाची आयक्यू नावाची एक गाडी होती, लांबीला तीन मीटरसुद्धा नाही. ॲस्टन मार्टिनने ती घेतली, तिला आपली जाळी लावली, आत चामडं चढवलं, आणि २०११ ते २०१३ या काळात आपल्या नावाने विकली. इंजिन तेच, १.३ लिटरचं. आता कल्पना करा, ॲस्टन मार्टिनचा मेळावा भरलाय. बारा सिलिंडरच्या लांबलचक गाड्या गुरगुरत येताहेत. त्यांच्यामागून सिग्नेट टुकटुक करत येते, आणि फाटकावरचा माणूस तिला आत सोडतो, कारण नियमावलीत बिल्ला लिहिलाय! तिच्यामागे आयक्यू आली तर? तेच इंजिन, तोच आवाज, तीच वळायची ढब. ती जनरेटरशेजारी. मला त्या आयक्यूवाल्याला एकदा भेटायचंय. आम्हाला बोलायला पुष्कळ आहे.

सगळेच असे नसतात हेही सांगितलं पाहिजे. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड या सुबारूच्या एकाच कारखान्यात जन्मलेल्या जुळ्या. त्यांचे मालक एकत्र जमतात, एकत्र गाड्या पळवतात आणि भांडणं फक्त हेडलाइट कुणाचे देखणे यावर करतात. फियाटची नवी १२४ स्पायडर माझ्दाने हिरोशिमात आपल्या एमएक्स-५ ऊर्फ ‘मियाटा’च्या सोबत बनवली, आत इंजिन फियाटचं घातलं. लोकांनी दोघींची नावं जोडून तिला ‘फियाटा’ करून टाकलं. टोपणनाव मिळालं की माणूस निम्मा घरचा होतो. साबवाले तर बोलूनचालून पोरके. कंपनीच २०११ साली दिवाळखोरीत गेली. सुबारू इम्प्रेझाला साबचं नाक लावून केलेल्या ९-२एक्सलाही ‘साबारू’ म्हणत ते जवळ करतात. वाटण्यासारखं काही उरलं नाही की भावकी प्रेमाने वागते.

आणि रोल्स-रॉइस–बेंटली! १९३१ साली रोल्स-रॉइसने बेंटली विकत घेतली, नव्या शतकाच्या सुरुवातीला दोघींची फारकत झाली: एक बीएमडब्ल्यूकडे, दुसरी फोक्सवॅगनकडे. पण १९५७ साली स्थापन झालेल्या रोल्स-रॉइसवाल्यांच्या क्लबात बेंटलीवाले अजून हक्काने बसतात. मालक वेगळे झाले, पंगत मोडली नाही. अर्थात त्या पंगतीत गरीब कुणीच नाही, त्यामुळे त्यांच्या मनाच्या मोठेपणाबद्दल मी फार हळवा होत नाही.

‘थोरल्यांकडे कशाला जाता, तुमचा स्वतःचा क्लब असेल की,’ असं तुम्ही म्हणाल. आहे ना. गेलो तिथेही. जुन्या स्कोडांचा मेळावा होता. फाटकावर कुणी अडवलं नाही, बिल्ला बघून हसून आत सोडलं. मी छाती काढून गाडी लावली. शेजारी १९७० च्या दशकातली एक मागच्या इंजिनाची स्कोडा होती. तिचे मालक वाकून, मागचं झाकण उघडून, काहीतरी पिळत होते. वयस्कर, बोटं काळी झालेली. त्यांनी हात पुसले, माझ्या गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, “इंजिन कुठे आहे?”

“पुढे.”

“का?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जगातल्या बहुतेक गाड्यांचं इंजिन पुढे असतं, असं मी म्हणू शकलो असतो, पण त्यांच्या दृष्टीने तो जगाचा दोष होता.

“उघडा बघू,” ते म्हणाले. मी बॉनेट उघडलं. वर्तुळातली व्ही-डब्ल्यू, शेजारची चार कडी, ‘१जे०’... सगळे शिक्के एकदम चमकले. त्यांनी ते एकेक करून वाचले, मोठ्याने. मग बॉनेट अलगद लावलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“छान ठेवलीय तुम्ही. पण ही आपली नाही हो. ही त्यांची.”

थोरल्यांकडे बिल्ला आडवा आला, धाकट्यांकडे इंजिन. वरून स्कोडा म्हणून तिकडे नाही, आतून गोल्फ म्हणून इकडे नाही.

महिन्याभराने थोरल्यांचा लाँग ड्राइव्ह होता. ‘पाहुण्यांनीही यायला हरकत नाही, सर्वांत शेवटी राहावं’ असा निरोप आला. मी गेलो. हट्टच म्हणा. सगळ्यांच्या मागे, सगळ्यांची धूळ खात चाललो होतो, तर वळणावर एक गोल्फ कडेला उभी. शेजारी तोच पोरगा, या खेपेला बिनजॅकेटचा. मागचं चाक बसलेलं. बाकीचे हॉर्न वाजवत पुढे गेलेले. त्यांना वाटलं, फोटो काढायला थांबलाय.

“स्टेपनी काढ की,” मी म्हणालो.

त्याने डिकी उघडली. स्टेपनीच्या खड्ड्यात एक अजस्र वूफर बसवलेला होता. त्याने लाजून तो चालूही करून दाखवला. आवाज छान होता.

मी माझी स्टेपनी काढली. पाच बोल्ट, शंभर मिलिमीटरचं वर्तुळ, मधलं भोक ५७.१ मिलिमीटर. चाक हबवर टेकवलं मात्र, ‘टक्’ करून जागेवर बसलं. पोरगा उकिडवा बसून बघत राहिला. बोल्ट त्याचेच, पाना माझा, जॅक माझा.

“काका, एकदम परफेक्ट बसलं!”

“बसणारच. नियमावली त्याला कुठे वाचता येते?”

एक घोटाळा मात्र झाला. माझी स्टेपनी साधी लोखंडी नाही. जुन्या सेटमधलं एक अलॉय मी तिथे ठेवलंय, आणि त्याच्या मधोमध पंखवाला बाण आहे. अशी ती गोल्फ, तीन चाकं घराण्याची आणि एक माझं, मुक्कामाला पोचली. तिथे सगळ्या गाड्या ओळीने लावून ग्रुप फोटो व्हायचा होता. सेक्रेटरींनी ओळीवरून नजर फिरवली, ती त्या चाकावर येऊन थांबली. ते पोराच्या कानात काहीतरी बोलले. पोराने माझ्याकडे बघणं टाळत खिशातून काळी इन्सुलेशन टेप काढली आणि बाणावर दोन पट्ट्या फुलीसारख्या चिकटवल्या.

फोटो उत्तम आला. त्यात माझी गाडी नाही, पण चाक आहे.

त्यानंतर कमिटीची बैठक झाली म्हणे, आणि माझ्यासाठी ‘सहयोगी सदस्य’ अशी नवीन वर्गवारी निघाली. वर्गणी पूर्ण, मताचा अधिकार नाही, स्टिकर मिळेल पण मागच्या काचेवरच लावायचा. इबिझावाल्यालाही घेतलंय. टीटीवाले मानद अध्यक्ष झाले. कालच ग्रुपवर सूचना आली: पुढच्या ड्राइव्हला सहयोगी सदस्यांनी सर्वांत शेवटी राहावं, येताना स्टेपनीतली हवा तपासून आणावी, टेप क्लबतर्फे मिळेल.