झोपलेला कामगार आणि चौकशीतला प्रतिनिधी

नमस्कार. कंपनीच्या शिस्तभंगाच्या चौकशीला बसलेल्या कामगाराला युनियनचा प्रतिनिधी मिळालाच पाहिजे, या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. युनियन कामचुकारांना पाठीशी घालते, हा पहिला. त्यामुळे चौकशी लांबते आणि मालकाला शिस्त लावता येत नाही, हा दुसरा. दाखला भारत फोर्जचा: झोपलेल्या कामगाराला काढायला बावीस वर्षं लागली.

हे प्रकरण नेहमी अर्धंच सांगितलं जातं. पुण्यातल्या त्या कारखान्यात 1983 साली कामगार भर दिवसा ड्यूटीवर झोपलेला सापडला. त्याच कारणासाठी आधी तीनदा शिक्षा झालेली होती. आरोपपत्र, चौकशी, मग बडतर्फी. बावीस वर्षं त्यात गेली नाहीत. ती गेली पुढच्या कोर्टकचेरीत, शिक्षा जास्त झाली का या प्रश्नावर. अखेर 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. मागचं रेकॉर्ड कागदावर होतं, म्हणून कंपनीची बाजू टिकली. रीतसर चौकशी मालकालाही तारते, ती अशी.

आता पाठीशी घालण्याबद्दल. मी ज्या चौकशांना युनियनचा प्रतिनिधी म्हणून बसलो, त्यातली एक सांगतो. आरोप सुपरवायझरला शिवीगाळ केल्याचा. चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, ‘‘काय झालं त्या दिवशी?’’ आमचा सभासद म्हणाला, ‘‘आवाज चढला साहेब, पण शिवी दिली नाही.’’ कागदावर उतरलं: आरोप मान्य. खाली सही करायला त्याने पेन उचललंसुद्धा होतं. मी हात धरला आणि त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं. पुढे तिन्ही साक्षीदारांचे जबाब शब्दाशब्दाने सारखे निघाले, तेव्हा उलटतपासणीत विचारलं की त्या वेळी तुम्ही कुठल्या मशिनवर होतात. दोघं शेडमध्येच नव्हते. आवाज चढवल्याबद्दल त्याला ताकीद मिळाली, ती त्याने निमूट घेतली, आणि ती योग्यच होती. नोकरी मात्र वाचली. कोर्टात जे काही होतं ते आधी या कागदांवरूनच होतं, म्हणून सही करण्याआधी ते वाचणारं कुणीतरी शेजारी हवं. आरोप खरा असेल तर ‘लेखी माफी दे’ हेही त्याला प्रतिनिधीच सांगतो. मालकाने सांगितलं तर त्याला ती धमकी वाटते.

हा हक्क अमर्याद आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या लेखी नियमांच्या सरकारी नमुन्यात, त्याच खात्यातला सहकारी किंवा आपल्या युनियनचा पदाधिकारी बचावाला घेता येत असे. पण कंपनीने स्वतः मंजूर करून घेतलेल्या (प्रमाणित) आदेशांत फक्त सहकारी म्हटलं असेल तर बाहेरचा नेता मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये भारत पेट्रोलियमच्या खटल्यात सांगितलं. उलट मुंबई पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात 1982 मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की व्यवस्थापन कायदा शिकलेली माणसं उभी करत असेल, तर कर्मचाऱ्यालाही वकील द्या. दोन्ही निकाल मला पटतात.

वेळकाढूपणाचा आरोप मात्र मला बोचतो. निलंबित माणसाला पहिले 90 दिवस अर्धा पगार मिळतो; पुढे त्याचा दोष नसताना चौकशी लांबली तर पाऊण. अर्ध्या पगारात घरभाडं, किराणा आणि मुलांची फी भागवणाऱ्याला तारीख पुढे गेलेली हवी असते का? नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, म्हणजे केंद्राच्या नव्या कामगार कायद्यात, निलंबनानंतरची चौकशी साधारण 90 दिवसांत संपवायला सांगितली आहे. हे चांगलंच झालं. पण स्थायी आदेशांची सक्ती आता 300 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणीच, याची मला खरी काळजी आहे.

तुमच्या वर्कशॉपमध्ये चाळीस माणसं आहेत, असं तुम्ही लिहिलंत. आरोप लेखी द्या, उत्तराला चार दिवस द्या, साक्षीदाराला प्रश्न विचारू द्या आणि कामगाराला त्याच्या विश्वासातला एक सहकारी शेजारी बसवू द्या. एवढ्याला ना वकील लागतो ना वर्ष. आणि कोर्टातल्या दिरंगाईबद्दलचा तुमचा राग माझाही आहे. कामगार न्यायालयांतल्या रिकाम्या जागा भरा, या मागणीच्या पत्रावर तुमची सही मिळाली तर आनंदाने घेईन.